ऑनलाइन दिवाळी अंकातील संवेदनशील मजकुरावर इशारा कसा आणि कुठे द्यावा?

चैत्रपालवी

नमस्कार. आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून दर वर्षी एक ऑनलाइन दिवाळी अंक काढतो. अंक विनामूल्य असतो, वर्डप्रेसवर असतो आणि बहुतेक वाचक व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरूनच त्याच्यापर्यंत पोहोचतात. यंदा काही साहित्य असे आले आहे की ते प्रसिद्ध करायचे याबद्दल संपादक मंडळात दुमत नाही, पण ते वाचकापुढे कसे ठेवायचे यावर गाडी अडली आहे.

एका कथेत नात्यातल्याच माणसाकडून लहान मुलीवर होणारा लैंगिक अत्याचार त्या मुलीच्या निवेदनातून येतो. उघड वर्णन कुठेही नाही, पण निम्म्या कथेपर्यंत पोहोचताना वाचकाला सारे लख्ख कळते. दुसरे साहित्य म्हणजे पतीच्या आत्महत्येनंतर शेती आणि घर सांभाळणाऱ्या एका बाईंचे आत्मकथन असून त्यात त्या सकाळचा प्रसंग चार परिच्छेदांत तपशिलाने आला आहे. स्तनाच्या कर्करोगावरील लेखात स्वतःची तपासणी कशी करावी हे दाखवणारी रेखाचित्रे आहेत आणि शस्त्रक्रियेनंतरची दोन छायाचित्रे आहेत, ज्यांना रुग्णांची लेखी संमती आहे. ऑगस्ट २०१९ मधील सांगली-कोल्हापूरच्या महापुरावर एक छायाचित्र-निबंध आहे, त्यात गोठ्यात दावणीला बांधलेल्या अवस्थेतच बुडालेली जनावरे दिसतात. शिवाय एका ग्रामीण कथेतील संवाद शिव्यांनी भरलेले आहेत.

मंडळातील एकांचे म्हणणे असे की मुखपृष्ठावरच ‘फक्त प्रौढांसाठी’ असे लिहून मोकळे व्हावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की साहित्याला पाट्या लावू नयेत, वाचक सुज्ञ असतो. तूर्त मी पुढील मसुदा केला आहे: ‘या अंकातील काही मजकूर संवेदनशील असून तो काही वाचकांना विचलित करू शकतो. वाचकांनी स्वतःच्या जबाबदारीवर वाचावे.’

इशारा साऱ्या अंकाला एकच असावा की लेखागणिक वेगळा, त्यात नेमके काय लिहावे आणि त्याचा कायद्याच्या दृष्टीने काही उपयोग असतो का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कळफलक

मी संकेतस्थळे बांधण्याचे काम करतो, त्यामुळे इशाऱ्यात काय लिहावे यापेक्षा तो वाचकाला नेमका केव्हा दिसतो याबद्दल बोलतो. आपण वाचक व्हॉट्सॲपवरून येतात असे लिहिले आहे. आपल्या प्रश्नाचा सगळ्यात अवघड भाग त्याच वाक्यात आहे.

कोणी दुवा चिकटवला की व्हॉट्सॲप त्या पानावरून शीर्षक, दोन ओळींचे वर्णन आणि एक चित्र उचलते आणि त्याची छोटी चौकट संदेशासोबत पाठवते. हे चित्र पानाच्या अंतरंगात ‘ओजी इमेज’ म्हणून नोंदलेले असते. आपण ते स्वतंत्रपणे ठरवले नसेल, तर वर्डप्रेसची प्लगइन्स, म्हणजे त्याला जोडलेली पूरक सॉफ्टवेअर, बहुधा लेखाचे मुख्य चित्र किंवा लेखातले पहिलेच चित्र तिथे बसवतात. म्हणजे महापुराच्या निबंधावर आपण कितीही विचारपूर्वक इशारा लिहिला आणि छायाचित्र कितीही धूसर केले, तरी दावणीला मेलेली गाय कौटुंबिक गटात दुवा येताक्षणीच दिसणार, आणि इशारा मात्र दुवा उघडणाऱ्यालाच दिसणार. त्यातही ही चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन संदेशाबरोबर जाते, त्यामुळे आपण नंतर चित्र बदलले तरी आधी गेलेले संदेश तसेच राहतात. म्हणून अशा प्रत्येक पानासाठी वेगळे, निरुपद्रवी चित्र अंक प्रकाशित होण्यापूर्वीच नेमून ठेवावे. पुराच्या निबंधाला भिंतीवर उमटलेली पाण्याची रेषा पुरेल, कर्करोगाच्या लेखाला नुसते अंकाचे बोधचिन्हही चालेल.

दुसरी गोष्ट मुखपृष्ठावरच्या उताऱ्याची. लेखासाठी वेगळा सारांश लिहिला नसेल तर वर्डप्रेस पहिले ५५ शब्द आपोआप उचलते. आपला इशारा लेखाच्या मजकुरातच सुरुवातीला टंकला असेल, तर मुखपृष्ठावर लेखाच्या ओळखीच्या जागी तो इशाराच दिसेल आणि पाच लेखांखाली पाच इशारे अशी विचित्र रांग लागेल. सारांश हाताने लिहावा.

तिसरी गोष्ट म्हणजे चित्र धूसर करण्याची सोय बहुतेक वेळा पानाच्या सजावटीच्या सूचनांमधून केलेली असते. ब्राउझरच्या वाचन-दृश्यात आणि ईमेलने जाणाऱ्या वार्तापत्रात त्या सूचना गळून पडतात आणि चित्र स्वच्छ दिसते. मूळ पानावर धूसर प्रतच ठेवून ‘छायाचित्र पाहा’ या बटणानंतर खरे चित्र मागवणे हा खात्रीचा उपाय आहे. त्याने पानही हलके होते.

आता ‘फक्त प्रौढांसाठी’ विषयी. पानाच्या अंतरंगात ‘रेटिंग’ नावाची एक खूण ठेवता येते आणि तिथे ‘ॲडल्ट’ असे लिहिले की गूगलचे सेफसर्च, म्हणजे शोधातून आक्षेपार्ह निकाल वगळणारी सोय, ते पान गाळते. संकेतस्थळाचा मोठा भाग तसा दिसला तर सगळे संकेतस्थळच गाळले जाऊ शकते. ही खूण मुळात अश्लील चित्रे दाखवणाऱ्या संकेतस्थळांसाठी आहे. अतिउत्साही तंत्रज्ञाने ती आपल्या साऱ्या अंकाला लावली, तर कर्करोगाची लक्षणे शोधणाऱ्या मुलीला आपला लेख सापडणारच नाही.

जाता जाता थोडा इतिहास. जालावरील मजकुराला प्रकाशकांनी स्वतःच लेबले लावावीत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९६ मध्ये ‘पिक्स’ नावाचे मानक आणले आणि १९९९ मध्ये ‘इक्रा’ ही संस्था प्रश्नावली घेऊन त्याच कामासाठी उभी राहिली. पान भरताना नग्नता, हिंसा, भाषा अशा रकान्यांवर खुणा करायच्या आणि पालकांच्या संगणकाने त्या वाचून काय दाखवायचे ते ठरवायचे, अशी ती कल्पना होती. ती टिकली नाही. माझ्या मते त्याचे कारण असे की प्रामाणिकपणे लेबल लावणाऱ्याचेच पान गाळले जाई आणि न लावणाऱ्याला काहीच तोशीस पडत नसे. यंत्रासाठीचे लेबल आणि माणसासाठीची सूचना या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवाव्यात, एवढेच त्यातून मी घेतो.

माजघर

मी समुपदेशक म्हणून काम करते, म्हणून इशाऱ्याचा वाचकावर काय परिणाम होतो याबद्दल लिहिते. इशारा दिला की वाचकाला होणारा त्रास कमी होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संशोधन तिला दुजोरा देत नाही. व्हिक्टोरिया ब्रिजलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा इशाऱ्यांवरील १२ अभ्यास एकत्र करून त्यांचे विश्लेषण ‘क्लिनिकल सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात मांडले आहे. इशारा वाचल्यावर मजकूर सुरू होण्यापूर्वीची धास्ती वाढते, प्रत्यक्ष मजकुराने होणारी वेदना मात्र कमी होत नाही आणि लोक तो मजकूर टाळतात असेही फारसे दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

तरीही मी इशाऱ्याच्या बाजूची आहे, पण वेगळ्या कारणासाठी. ज्या व्यक्तीने स्वतः अत्याचार सोसलेला आहे, तिला ही कथा आज रात्री एकटीने वाचायची, उद्या दुपारी वाचायची की वाचायचीच नाही, हे ठरवण्याचा अधिकार असावा. त्यासाठी तिला आत काय आहे ते कळले पाहिजे. आपल्या मसुद्यातील ‘संवेदनशील’ आणि ‘विचलित’ हे शब्द तिला काहीच सांगत नाहीत. पुराच्या छायाचित्रांनाही तेच शब्द, शिव्यांनाही तेच आणि बालिकेवरील अत्याचारालाही तेच. मग वाचकाने निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी दूरचित्रवाणीवरील हिंसेच्या लेबलांवर १९९० च्या दशकापासून जे प्रयोग केले, ते इथे उपयोगी आहेत. ‘प्रेक्षकांनी सावध राहावे’ अशा धर्तीच्या इशाऱ्याने कार्यक्रम पाहण्याची ओढ वाढली, तर कार्यक्रमात काय आहे एवढेच सांगणाऱ्या माहितीवजा लेबलाने ती तशी वाढली नाही. म्हणून वाचकाला काय वाटेल याचे भाकीत करू नये, आत काय आहे ते साध्या शब्दांत सांगावे. कथेसाठी मी असे लिहीन: ‘या कथेत कुटुंबातील व्यक्तीकडून लहान मुलीवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराचा विषय आहे. अत्याचाराचे थेट वर्णन नाही.’ दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण वाचकाची कल्पना मजकुरापेक्षा पुढे धावत असते.

आत्मकथनाच्या बाबतीत मला इशाऱ्यापेक्षा त्या चार परिच्छेदांची काळजी अधिक वाटते. आत्महत्येच्या साधनाचा आणि पद्धतीचा तपशील त्यात असेल, तर वर कितीही मोठा इशारा लावला तरी त्याची भरपाई होत नाही. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे २०१९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे वृत्तपत्रांसाठी आहेत, पण पद्धतीचे वर्णन करू नये आणि मथळा भडक करू नये ही त्यांतील तत्त्वे दिवाळी अंकालाही तितकीच लागू पडावीत. त्या बाईंशी बोलून, त्यांच्या संमतीने, पद्धत कळेल असे उल्लेख काढता येतात का ते पाहा. त्यांचे दुःख, पोलीस पंचनाम्याच्या वेळची गर्दी, नातलगांचे प्रश्न, सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंतची वणवण, यातले काहीही त्यामुळे उणे होत नाही. इशाऱ्यातही पद्धतीचा उल्लेख नको, ‘पतीच्या आत्महत्येचा प्रसंग’ एवढे पुरे. हा प्रसंग कोणत्या भागात येतो आणि तो वगळून पुढे वाचता येते का, हे सांगता आले तर फार बरे. लेखाच्या शेवटी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून ती विनामूल्य आणि अहोरात्र चालते, आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.

जुना_वाचक

माजघरताईंचे म्हणणे आदरपूर्वक वाचले, तरी एक शंका मनातून जात नाही. प्रश्नकर्तीनेच लिहिले आहे की निम्म्या कथेपर्यंत पोहोचताना वाचकाला कळते. ते हळूहळू कळणे हीच त्या कथेची घडण असणार. मुलीला जे उमगत नाही ते वाचकाला तिच्या आधी उमगावे आणि त्याने आपण होऊन दचकावे, यासाठी लेखकाने (किंवा लेखिकेने) प्रत्येक वाक्य तोलले असेल. आपण पहिल्याच ओळीत ‘कुटुंबातील व्यक्तीकडून’ असे लिहून टाकले तर पुढे कथेत उरले काय? सगळे आधी सांगून टाकणारी प्रस्तावना आपण एरवी खपवून घेत नाही.

शिवाय सवयीचाही प्रश्न आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही तंबाखूविरोधी सूचना सक्तीच्या झाल्या. सुरुवातीला आणि मध्ये चित्रफीत, आणि पात्राने सिगारेट पेटवली की खाली ठळक ओळ. ती ओळ शेवटची कधी वाचली, हे आपापल्या मनाला विचारून पाहावे. डोळा तिला सरावला आहे. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर सूचना लावू लागलो तर तिची गत हीच होईल. जत्रेतल्या तंबूबाहेर ‘काळजाने कच्च्या माणसांनी आत येऊ नये’ अशी पाटी असली की तिकिटे अधिक खपत, हे बुशमनसाहेबांच्या आधीपासून आपल्या तंबूवाल्यांना ठाऊक होते.

ग्रामीण कथेतील शिव्यांना तर कोणतीही सूचना देऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन. ज्याला शिव्या सोसवत नाहीत तो पहिल्या संवादानंतर पान बंद करील. त्यात त्याचे काहीही बिघडत नाही.

कलमबहाद्दर

कायद्याच्या अंगाने थोडे. हा वैयक्तिक सल्ला समजू नये, सर्वसाधारण माहिती समजावी.

‘वाचकांनी स्वतःच्या जबाबदारीवर वाचावे’ या वाक्याला कायद्यात काहीही वजन नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६७ खाली इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे आणि मजकूर अश्लील आहे की नाही हे मजकुरावरून ठरते, त्यावर लावलेल्या पाटीवरून ठरत नाही. उलट विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला कायद्यातच अपवाद आहे आणि आपल्या अंकाचा खरा आधार तो आहे. शिव्यांबाबत बोलायचे तर मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेब मालिकेच्या प्रकरणात कलम ६७ आणि उघड लैंगिक कृत्यांच्या चित्रणाविषयीचे कलम ६७-अ यांखालील कारवाई रद्द करताना स्पष्ट केले आहे की शिवराळ भाषा असभ्य असेल, पण तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही. दिवाळी अंकांना तर हा विषय मुळीच नवा नाही. चंद्रकांत काकोडकर यांची १९६२ च्या एका दिवाळी अंकात आलेली कादंबरी मुंबई उच्च न्यायालयाने अश्लील ठरवली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती संपूर्ण वाचून, तिचा एकूण हेतू पाहून काकोडकरांना दोषमुक्त केले.

माझी खरी सूचना पहिल्या कथेबद्दल आहे. कलम ६७-ब मुलांच्या लैंगिक चित्रणाविषयी आहे आणि त्यात प्रतिमांबरोबर मजकुराचाही उल्लेख आहे. थेट वर्णन नाही असे आपण लिहिले आहे, ते उत्तमच. तरीही एकदा त्याच दृष्टीने पुन्हा वाचावी आणि त्या कथेला मुलीचे कोणतेही चित्र किंवा यंत्रनिर्मित रेखाटन लावू नये. कथा सत्य घटनेवर बेतलेली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे कलम २३ लक्षात ठेवावे. त्याचा मुख्य रोख प्रसारमाध्यमांवर आहे, पण पीडित मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा किंवा परिसर यांपैकी ओळख पटेल असे काहीही उघड करू नये हे पथ्य कथेतही पाळावे. गावाचे खरे नाव आणि शाळेचे वर्णन यांतूनही ओळख पटते. इशाऱ्याने ही जबाबदारी टळत नाही.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील वयोगट, म्हणजे ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ आणि ‘ए’, हे आपल्याला लागू आहेत का, असे कोणी विचारील. ते ऑनलाइन क्युरेटेड, म्हणजे निवडून मांडलेल्या, दृक्‌श्राव्य सामग्रीच्या प्रकाशकांसाठी आहेत. त्या व्याख्येत पॉडकास्टचा उल्लेख आहे, लेखी कथा-कवितांचा नाही, आणि व्यवसाय म्हणून पद्धतशीरपणे हे काम न करणाऱ्या व्यक्तींना त्यातून वगळले आहे. शिवाय ज्या आचारसंहितेत हे वर्गीकरण येते, ती पाळण्याची सक्ती करणाऱ्या नियम ९ च्या पोटनियम १ आणि ३ ला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्येच अंतरिम स्थगिती दिली होती. हौशी लेखी अंकाने त्या वयोगटांची चिंता करू नये. मात्र त्या नियमांतली एक गोष्ट सक्ती नसतानाही उचलण्यासारखी आहे. तिथे वयोगटाबरोबर हिंसा, भाषा, नग्नता, अमली पदार्थ असे आशयाचे स्वरूपही कार्यक्रमाच्या आरंभी सांगायचे असते, म्हणजे पाहणाऱ्याला आधीच ठरवता येते. नुसते ‘ए’ म्हणून भागत नाही.

‘फक्त प्रौढांसाठी’ हे शब्द मात्र मी टाळीन. तसा मजकूर अंकात नसताना आपणच तसे लिहिले, तर तक्रार करू पाहणाऱ्याच्या हाती आयते वाक्य दिल्यासारखे होईल. आणि कर्करोगाचा लेख सोळा वर्षांच्या मुलीने का वाचू नये?

माजघर

जुना_वाचक यांचा कथेबाबतचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याला उत्तरही आहे. सूचना दोन पायऱ्यांची करता येते. कथेच्या वर फक्त ‘या कथेच्या विषयाबद्दल पूर्वसूचना’ अशी मिटलेली घडी ठेवावी. ज्यांना हवी ते ती उघडून वाचतील, ज्यांना कथा कोरी हवी ते तशीच पुढे जातील. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर थोडी वेगळी पण याच जातीची रीत आहे. तिथे लिहिणाऱ्यानेच स्वतःच्या शब्दांत इशारा द्यायचा आणि बाकीचा मजकूर ‘आणखी दाखवा’च्या मागे ठेवायचा, अशी सोय सुरुवातीपासून रुजलेली आहे. तो इशारा कंपनीचे यंत्र देत नाही, लेखक देतो, आणि म्हणून तो बहुधा नेमका असतो. आपणही सूचनेचा मजकूर त्या त्या लेखकाला विचारूनच ठरवावा. कथा कुठे फुटते आणि कुठे फुटत नाही हे त्यांच्याइतके कोणालाच कळणार नाही.

शिव्यांविषयी मीही त्यांच्याशी सहमत आहे.

श्राव्यवाचक

मला दृष्टी नाही. संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक ही स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर वापरून मी दर वर्षी बरेच ऑनलाइन दिवाळी अंक वाचतो. या चर्चेत अजून न आलेली एक बाजू मांडतो.

चित्र धूसर केले की डोळस वाचकापुरता पडदा पडतो. माझ्यासाठी चित्राला जोडलेले पर्यायी वर्णन तसेच्या तसे वाचले जाते. कोणीतरी मनापासून, आणि ते योग्यच आहे, ‘दावणीला बांधलेली, पोट फुगलेली मेलेली गाय’ असे वर्णन लिहिलेले असते आणि इतरांना बटण दाबल्यावर जे दिसते ते मला बटणापर्यंत पोहोचण्याआधीच ऐकू येते. कळफलक यांनी सांगितलेला उपाय, म्हणजे खरे चित्र बटणानंतरच मागवणे, इथेही लागू पडतो, फक्त वर्णनसुद्धा त्या चित्राबरोबरच आले पाहिजे. धूसर प्रतीला ‘पुरात मृत्यू पावलेल्या जनावरांचे छायाचित्र, झाकलेले’ इतकेच वर्णन असावे. वर्णनच काढून टाकणे हा उपाय नव्हे, कारण मग मला निबंधातून वगळल्यासारखे होते.

तसेच बटणावर नुसते डोळ्याचे चित्र ठेवून भागत नाही. त्याला शब्दांत नाव दिलेले नसेल तर मला फक्त ‘बटण’ असे ऐकू येते. इशारा लाल चौकटीत आहे हेही मला कळत नाही, म्हणून त्याच्या आरंभी ‘पूर्वसूचना’ हा शब्द असावा. आणि इशारा मजकुराच्या आधी ऐकू यावा, कारण काही ठिकाणी तो बाजूच्या स्तंभात असतो आणि मला पूर्ण लेख संपल्यावर भेटतो.

चैत्रपालवी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतकी बारकाईची उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती. आज संपादक मंडळाची बैठक झाली. साऱ्या अंकाचा एकच इशारा आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे वाक्य, दोन्ही काढले. मुखपृष्ठावर पाटी नाही. कथेला लेखिकेच्या संमतीने मिटलेली घडी असेल, आणि तिचा मजकूर त्या स्वतः लिहून देणार आहेत. पुराच्या निबंधातील तीनच छायाचित्रे झाकायची, बाकीची उघडी ठेवायची असे ठरले, कारण छायाचित्रकारांचा आग्रह होता की माणसांच्या चेहऱ्यांवर पडदा टाकू नये. ग्रामीण कथेला काही नाही. आत्मकथन लिहिणाऱ्या ताईंशी फोनवर बोलणे झाले. त्यांनी दोन वाक्ये आपणहून काढली, पण एक वाक्य राहू द्या म्हणाल्या आणि ते आम्ही ठेवले आहे. त्यात पद्धतीचा उल्लेख नाही.

कर्करोगाच्या लेखाबद्दल मात्र मंडळात अजून वाद आहे. दोन छायाचित्रे झाकावीत का? माझे मत झाकू नयेत असे आहे, कारण शस्त्रक्रियेनंतरचे शरीर लपवण्याजोगे आहे असा संदेश त्यातून जातो. आणखी एक प्रश्न राहिला. कथा आणि आत्मकथन या दोन्हींचे अभिवाचन ध्वनिमुद्रित केले आहे आणि ते यूट्यूबवरही टाकणार आहोत. तिथे सूचना कुठे द्यावी?

कळफलक

छायाचित्रांबाबत आपल्याशी सहमत. लेखाच्या परिचयातच ‘लेखात शस्त्रक्रियेनंतरची दोन छायाचित्रे आहेत’ असे एक वाक्य घाला, तेवढ्याने बसमध्ये किंवा कचेरीत लेख उघडणाऱ्याला पुरेशी कल्पना येते. झाकण्याची गरज मला दिसत नाही. सामायिक दुव्याच्या चौकटीत मात्र ती येऊ देऊ नका.

यूट्यूबवर स्वतःहून वयोमर्यादा लावण्यापूर्वी विचार करा. वयोमर्यादित व्हिडिओ लॉगिन न केलेल्यांना दिसत नाही आणि बाहेरच्या बहुतेक संकेतस्थळांवर चालत नाही, म्हणजे आपल्या अंकाच्या पानात बसवलेला व्हिडिओ तिथे न वाजता वाचकाला यूट्यूबवर पाठवील. आपल्या दोन्ही अभिवाचनांना त्याची गरज आहे असे वाटत नाही. वर्णनात लिहिलेली सूचना तर मुळीच पुरेशी नाही, कारण फोन खिशात ठेवून ऐकणारा वर्णन उघडत नाही.

श्राव्यवाचक

ध्वनिमुद्रणात सूचना बोलूनच द्यावी, आणि ती अभिवाचन करणाऱ्याच्याच आवाजात असावी. निराळ्या, जाहिरातीसारख्या आवाजात आली की मन तिला जाहिरात समजून सोडून देते. सूचनेनंतर चार-पाच सेकंदांची शांतता ठेवा, कारण फोन शोधून थांबवायला तेवढा वेळ लागतोच, विशेषतः घरात चारचौघांत स्पीकरवर लावलेले असेल तर. कथेला इथे घडी करता येत नाही, म्हणून सूचना आणि कथा यांचे दोन वेगळे भाग करून यूट्यूबवर भागांच्या खुणा द्याव्यात, म्हणजे ज्यांना नको ते थेट कथेवर जातील. आत्मकथनाच्या शेवटी टेलिमानसचा क्रमांक वाचताना ‘चौदा हजार चारशे सोळा’ असे म्हणू नये. ‘एक, चार, चार, एक, सहा’ असे सुटे आकडे सावकाश, दोनदा वाचावेत.